नसलेल्या देवळाचा पत्ता

इजिप्तमधल्या लक्झरला पोचलो त्या संध्याकाळी गाइडने हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांना गोळा केलं आणि दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगितला. पहाटे नाश्त्याचे डबे, ऊन चढायच्या आत कर्नाक, दुपारी आराम, संध्याकाळी म्युझियम, मग दुकानं. मंडळी उठली तशी मी त्याला गाठलं आणि विचारलं, "गेम-पा-आतेन कधी बघायचं?"

"ते नाही, मॅडम."

"नाही म्हणजे बंद आहे?"

"नाही म्हणजे नाहीच. पाडलं." हातानेच काहीतरी झाडून टाकल्यासारखं करून तो म्हणाला, "3300 वर्षं झाली असतील." मग जरा थांबून, "तुम्हाला कुणी सांगितलं त्याच्याबद्दल?"

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात थ्रीडी व्ह्यू काढते. बिल्डरच्या ब्रोशरमधली हिरवळ, सातव्या मजल्याच्या बाल्कनीतून दिसणारी टेकडी, तलावाकाठी छत्रीखाली पहुडलेलं जोडपं, हे सगळं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी माउसमधून आलेलं असतं. न बांधलेली इमारत बांधून झाल्यासारखी दाखवायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे पाडलेली इमारत उभी असल्यासारखी दाखवणाऱ्यांबद्दल मला कुतूहल होतं, आणि धंद्यातल्या माणसाला असतो तसा संशयही. कर्नाकच्या या नाहीशा झालेल्या देवळाची कॉम्प्युटरवरची मांडणी पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. मला ती जागेवर जाऊन तपासायची होती.

इसवी सनापूर्वी 1353च्या सुमारास चौथा अमेनहोतेप गादीवर आला. पुढे त्यानेच स्वतःचं नाव बदलून अखेनातेन केलं. कर्नाक हे अमुन देवाचं माहेरघर. तिथे अमुनच्या आवाराच्या पूर्वेला, कुंपणाबाहेर, त्याने आतेनसाठी, म्हणजे आकाशात दिसणाऱ्या सूर्याच्या तबकडीसाठी, देवळं बांधायला घेतली. गेम-पा-आतेन हे त्यांतलं सगळ्यांत मोठं. शिवाय बेनबेनचं घर नावाचं एक देऊळ, आणि आणखी दोन. राज्याच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतच हे झालं. इतकं भराभर बांधायचं तर अजस्र दगड ओढत बसून कसं चालेल? म्हणून लक्झरच्या दक्षिणेला दीडशेएक किलोमीटरवर असलेल्या गेबेल एल-सिलसिलाच्या खाणीतून वालुकाश्माचे छोटे ठोकळे काढले. साधारण 52 सेंटिमीटर लांब, त्याच्या निम्मे रुंद. एका माणसाने खांद्यावर घेऊन चालावं असे. या ठोकळ्यांना आज तलातात म्हणतात. पाचव्या वर्षाच्या आसपास राजाला कर्नाकही नकोसं झालं. त्याने नाव बदललं आणि उत्तरेला, आज ज्याला अमार्ना म्हणतात तिथे, कोरी राजधानी वसवायला घेतली.

तो गेला, त्याचा देव गेला, आणि होरेमहेब या सेनापतीच्या हाती सत्ता आली. त्याने आतेनची देवळं उतरवून घेतली आणि तो माल अमुनच्याच नव्या पायलॉनांत भरला. पायलॉन म्हणजे देवळाच्या दारावरचे ते दोन जाडजूड, वर निमुळते होत जाणारे बुरूज. बाहेरून चिरेबंदी, आतून पोकळ; ती पोकळी भरायला फुकटचा दगड हवाच होता.

सकाळी दुसऱ्या पायलॉनच्या वाटेत उभी राहून मी हे सगळं आमच्या बसमधल्या सांगलीच्या काकांना सांगत होते. पुढे 134 खांबांचं ते प्रचंड सभागृह होतं, मधले बारा खांब एकवीस मीटर उंच, माना मोडेपर्यंत वर बघणारी गर्दी. काकांचं लक्ष मात्र भिंतीच्या फटीत.

"म्हणजे आत्ता या भिंतीच्या पोटात तो माल आहे?"

"होता. पुष्कळसा काढला. या खांबांच्या पायातसुद्धा तोच दगड निघाला."

"आणि भिंत नाही पडली?"

काकांची आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली. प्रश्न रास्त होता. पायाला पाणी लागून, क्षार धरून हे बुरूज कमकुवत झालेच होते. ते सावरण्यासाठी उकलावे लागले, आणि उकलताना तलातात बाहेर आले. आंरी शेव्रिए या फ्रेंच वास्तुविशारदाने 1926पासून कर्नाकची जबाबदारी सांभाळली. त्याच्या काळात हजारोंनी निघाले. दक्षिणेकडच्या रांगेतला नववा पायलॉन 1960च्या दशकापासून फ्रेंच आणि इजिप्शियन मंडळींनी मिळून उतरवला, त्यातून आणखी बाराएक हजार. सगळे मिळून आकडा 40 हजारांच्या पुढे जातो. प्रत्येकावर चित्राचा एक तुकडा: कुठे कोपर, कुठे बैलाचं शिंग, कुठे मुकुटाचं टोक.

नवव्या पायलॉनकडे जाणारी वाट दोरी लावून बंद होती. पलीकडे खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराने दोन बोटं एकमेकांवर घासून वेगळी सोय सुचवली. मी नको म्हटलं. लांबूनच पाहिलं. मला त्या बुरुजाचं विशेष अप्रूप होतं, कारण या सगळ्या गोष्टीतला खरा दप्तरदार तोच आहे. होरेमहेबच्या गवंड्यांनी आतेनच्या भिंती वरून खाली उतरवल्या आणि दगड जसे हाती येतील तसे या बुरुजात रचत गेले. साहजिकच भिंतीच्या माथ्याचा दगड बुरुजाच्या तळाशी गेला आणि भिंतीत शेजारी असलेले दगड पुष्कळदा बुरुजातही जवळजवळच राहिले. हा क्रम ध्यानात आल्यावर उतरवणाऱ्यांना कोणता ठोकळा कुठल्या थरातून निघाला याची नोंद सोन्याच्या मोलाची झाली. दुसऱ्या पायलॉनमध्ये ही सोय नव्हती. तिथला माल पार कालवलेला.

त्या कालवलेल्या मालासाठीच पहिल्यांदा कॉम्प्युटर आला. रे विनफिल्ड स्मिथ हे निवृत्त अमेरिकन परराष्ट्र अधिकारी, जुन्या काचेच्या वस्तूंचे जाणकार, पण इजिप्तविद्येतली पदवी वगैरे नसलेले. हे हजारो दगड गोदामांत आणि उघड्यावर रचून ठेवलेत, त्यांचं कोडं कुणी सोडवत नाही, हे त्यांना बघवेना. 1966 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या म्युझियमच्या आधाराने त्यांनी अखेनातेन टेम्पल प्रोजेक्ट सुरू केलं. सुमारे 35 हजार दगडांचे फोटो काढले, सगळे एकाच मापात, म्हणजे कुठलाही फोटो कुठल्याही फोटोशेजारी ठेवला तर रेघ जुळावी. प्रत्येक दगडावर काय आहे, माणूस कुठल्या बाजूला तोंड करून आहे, डोक्यावर काय आहे, आकृतीचा आकार केवढा, याचे संकेतांक ठरवून कार्डांवर उतरवले आणि कैरोत आयबीएमच्या मदतीने कॉम्प्युटरला घातले. हा घाट घातला तेव्हा कॉम्प्युटरला चित्र कळत नव्हतंच. त्याला कळत होत्या नोंदी. डावीकडे तोंड असलेले आणि अमुक मुकुट घातलेले सगळे दाखव म्हटलं की तो यादी छापून देई. पुढचं काम माणसांचं. टेबलांवर फोटो पसरून, सरकवून, डोळ्यांनी जुळवायचं.

मला हे फार ओळखीचं वाटलं. सॉफ्टवेअरने केलं म्हणून सांगितलेल्या कामात रात्री बारा वाजता कुणीतरी डोळे फोडून बसलेलं असतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. ब्रोशरवर त्याचं नाव नसतं.

जुळवायचं तरी कसं? एक खूण मला चित्रं बघतानाच लक्षात आली. आतेनच्या प्रत्येक चित्रात वर तबकडी असते आणि तिच्यातून खाली किरण सुटलेले असतात. प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा पंजा. हे किरण पंख्यासारखे फाकतात. म्हणजे एखाद्या ठोकळ्यावर दोनच तिरक्या रेघा असल्या, तरी त्या किती कललेल्या आहेत यावरून तबकडी डावीकडे होती की उजवीकडे, जवळ होती की लांब, हे ताडता येतं. दुसरी खूण बांधकामाची. एका थरात ठोकळ्याची लांब बाजू बाहेर, त्यावरच्या थरात आखूड बाजू बाहेर, असं आलटून पालटून रचलेलं. तेव्हा लांब बाजूवर कोरलेला दगड आखूड बाजूच्या थरात जाऊच शकत नाही. काकांना हे लगेच पटलं. विटांचं बांधकाम त्यांनी हयातभर तपासलेलं.

याच प्रोजेक्टमधून एक चकित करणारी गोष्ट वर आली. दुसऱ्या पायलॉनमधल्या तुकड्यांतून चौकोनी खांबांचं एक अख्खं अंगण जुळलं, बेनबेनच्या घराशी संबंधित, आणि त्या खांबांवर पूजा करताना दिसते ती अखेनातेनची राणी नेफरतीती. सोबत थोरली लेक मेरितातेन. राजाचा पत्ता नाही. इजिप्तच्या देवळात देवाला नैवेद्य दाखवण्याचा मान राजाचा. इथे राणी तो एकटीने दाखवतेय. पुढे प्रोजेक्टची सूत्रं घेणाऱ्या डोनाल्ड रेडफर्ड यांच्या मोजणीत कर्नाकच्या तलातातवर नेफरतीतीची चित्रं नवऱ्याच्या जवळजवळ दुप्पट भरली. गोदामातल्या कुठल्याही एका दगडावरून हे कळलं नसतं. हजारो दगड एका यादीत आले तेव्हा कळलं. थ्रीडी वगैरे राहू दे, नुसती शिस्तीत केलेली यादीसुद्धा पुनर्बांधणीच असते, असं माझं मत त्या दिवसापासून झालं आहे.

कर्नाकच्या आवारातच एक ओपन एअर म्युझियम आहे, तिथे शांतता असते. हातशेपसुत राणीचं तांबडं देवघर तिथे प्रत्यक्षात पुन्हा उभं केलंय. तेही असंच मोडून दुसऱ्या बांधकामात घातलेलं. तीनशेच्या वर दगड, 2000 सालाच्या आसपास रचून पूर्ण झालं. त्याची अडचण उलटी होती. तिथल्या एकेका दगडावर एकेक पूर्ण प्रसंग कोरलेला, त्यामुळे कडेची रेघ शेजाऱ्याशी जुळवायची सोयच नाही. तरी जमलं. आज त्याच्या भोवती फिरता येतं, सावलीत उभं राहता येतं.

"मग अखेनातेनचं का नाही केलं असं?" काकांनी विचारलं.

तीनशे कुठे आणि चाळीस हजार कुठे, हे पहिलं उत्तर. दुसरं म्हणजे जुळणी अर्धवट आहे. पुष्कळ दगड अजूनही कुणाचे शेजारी हे ठरलेलं नाही, काही जगभरच्या म्युझियममध्ये आणि खाजगी संग्रहात गेले. आणि वालुकाश्म मऊ. पुन्हा भिंतीत रचून वरचं वजन घातलं, खालून क्षार चढू दिले, तर वाचलेलं हातचं जायचं. म्हणूनच या देवळाला पडद्यावर उभं राहण्यावाचून गती नाही.

संध्याकाळी लक्झर म्युझियमच्या वरच्या मजल्यावर गेले आणि तिथल्या भिंतीसमोरून हलले नाही. नवव्या पायलॉनमधले 283 तलातात जुळवून सुमारे अठरा मीटर लांबीची ही भिंत उभी केली आहे. एका बाजूला राजा-राणी, हात वर केलेले, किरणांचे पंजे त्यांच्यापर्यंत पोचलेले. ते मी पुस्तकांत पाहिलं होतं. पण भिंतीचा मोठा भाग आहे देवळाच्या कोठारांचा. ओळीने खोल्या, खोल्यांत रचलेले रांजण, ओझी वाहून कंबरेत वाकलेली माणसं. एक माणूस माझ्या नजरेत भरला: त्याचा वरचा अर्धा भाग एका दगडावर आणि पाय खालच्या दगडावर, मध्ये बोटभर सांधा. पायांच्या दगडाचा रंग किंचित पिवळट, धडाच्या दगडाचा राखाडी. दोन दगड इतकी शतकं वेगळ्या अंधारात राहिलेले. पण कंबरेची रेघ सांध्यावरून सरळ खाली उतरते, कुठे अडखळत नाही. जिथे दगड सापडला नाही तिथे सपाट, कोरा गिलावा भरलाय. त्यावर कुणी उरलेलं चित्र रंगवायला गेलेलं नाही. कुठलं 3300 वर्षांपूर्वीचं आणि कुठलं आपल्या काळातलं, हे शाळकरी पोरालाही लांबून कळतं.

पडद्यावर हे करणं अवघड असतं, आणि खरं सांगायचं तर पडद्यावर काम करणाऱ्यांना ते करावंसं वाटत नाही. मला कधीच वाटलेलं नाही. व्ह्यूमध्ये एक भिंत करडी आणि बाकीच्या भिंती लखलखीत ठेवल्या तर क्लायंट म्हणेल, काम अर्धवट आहे. कॉम्प्युटरला अज्ञान रंगवता येत नाही. भिंतीची उंची माहीत नसेल तरी आकडा टाकावाच लागतो. रिकामी चौकट ठेवली तर भिंतच उभी राहत नाही. एकदा आकडा टाकला की अंदाजाची भिंत आणि पुराव्याची भिंत एकाच उन्हात सारख्याच चमकतात. या धोक्याची जाण त्या क्षेत्रातल्या लोकांना आहे. 2006 साली लंडन चार्टर म्हणून एक मसुदा झाला, 2009मध्ये सुधारला. त्याचा आग्रह एवढाच, की अशा पुनर्रचनेत काय पुराव्यावर उभं आहे आणि काय तर्कावर, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे आणि तो तर्क कसा केला याची नोंद राहिली पाहिजे. बिल्डरांना कुणी असा चार्टर लावला तर पुण्यातल्या निम्म्या टेकड्या ब्रोशरमधून गायब होतील.

या कामात मला सगळ्यांत विश्वासाचे वाटतात ते रोबेर व्हेर्निए. या फ्रेंच संशोधकाने नवव्या पायलॉनच्या दगडांचा माहितीसाठा उभा केला, कुठला ठोकळा कुठल्या थरातून निघाला याची ती जुनी नोंद वापरली, आणि 1990च्या दशकात फ्रान्सच्या वीज कंपनीच्या पाठबळाने त्यावरून त्रिमितीत देऊळ रचलं. त्यांची इमारत दगडांकडून वर चढते. आधी ठोकळे, ठोकळ्यांतून प्रसंग, प्रसंगांतून भिंत, आणि भिंत जिथे संपते तिथे तेही थांबतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचं 2008चं 'डिजिटल कर्नाक' वेगळ्या हेतूने केलेलं. त्यात अख्खं कर्नाक दोन हजार वर्षांच्या काळात कसं वाढत गेलं ते दिसतं. राजे येतात, भिंती उगवतात, मावळतात. तिथे गेम-पा-आतेन पूर्वेला अचानक उमटतं आणि थोड्याच वेळात पुसलं जातं. कुठल्याही पुस्तकाने मला त्या देवळाचं अल्पायुष्य इतकं झटक्यात दाखवलं नव्हतं. पण तिथलं अंगण चारी बाजूंनी काटकोनात, तुळतुळीत. आणि जमिनीखालून प्रत्यक्ष हाती आलंय ते फार थोडं.

ते थोडं कुठे आहे ते बघायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघायच्या आत टॅक्सी केली. काकाही आले, त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना, नाहीतर मला पिरॅमिडचा उतार शिकवत बसतील." अमुनच्या आवाराच्या उंच मातीच्या भिंतीला वळसा घालून पूर्वेला गेलो. तिथे पर्यटक नव्हते. कुंपणाची तार, खुरट्या गवताचा उंचसखल माळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि माळाला खेटून विटांची घरं. 1925 साली या बाजूला पाण्याचा चर खणताना राजाचे ते विचित्र, लांब चेहऱ्याचे, सुटलेल्या पोटाचे अजस्र पुतळे पालथे पडलेले सापडले होते. त्यांतल्या एकाच्या अंगावर वस्त्रही नाही आणि पुरुषत्वाची खूणही नाही. तो राजा की राणी यावर विद्वान अजून भांडतात. 1975पासून रेडफर्ड यांनी इथे खणलं तेव्हा अंगणाचा नैर्ऋत्य कोपरा लागला. भिंतीचा पाया, चौकोनी खांबांचे तळ, आणि खांबांना पाठ लावून उभ्या असणाऱ्या पुतळ्यांचे तुकडे. त्यावरून अंगणाची रुंदी 130 मीटरच्या घरात आणि लांबी दोनशेच्या वर धरतात. छप्पर नव्हतंच. ज्या देवाची पूजा उघड्या उन्हात करायची त्याला छप्पर कशाला?

घरी बसून मी उपग्रहाच्या नकाशावर तो चौकोन बसवला होता आणि कागदावर छापून आणला होता. काका पावलं टाकून अंतर मोजायला लागले. त्यांची चाल तीस इंचांची, खात्याने पक्की केलेली. साठ-सत्तर पावलांतच माळ संपला आणि घरं सुरू झाली. गेम-पा-आतेनचा बराचसा भाग आजच्या वस्तीखाली आहे. तेवढ्यात एका घरातून विशीतला एक मुलगा हातात चहाचा ग्लास घेऊन बाहेर आला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, काय शोधताय? मी कागद पुढे केला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा केला, बोटाने रस्ता शोधला, रस्त्यावरून मशीद शोधली, मशिदीवरून गल्ली. लाल रेघेवर येऊन बोट थांबलं.

"ही भिंत?"

"अंदाजाने," मी म्हटलं.

त्याने मागे वळून पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. अंदाज म्हणजे किती मीटर इकडेतिकडे, असं त्याने विचारलं. हा प्रश्न मला आजवर एकाही क्लायंटने विचारलेला नाही. पाच-दहा मीटर, मी सांगितलं.

"मग ती इकडे पाच मीटर सरकवा," तो म्हणाला. "आत्ता माझ्या काकाच्या गोठ्यातून जातेय. सरकारी माणसांनी बघितलं तर म्हैस कुठे बांधायची?"

सांगलीच्या काकांनी खिशातून पेन काढलं.